कपाटाआधीची पेटी

इंदुरात दिवाळीच्या तोंडावर शेकडो घरांत नवी स्वयंपाकघरं बसतात. कपाटं मिलिमीटरच्या हिशोबानं कापून येतात, पण ती बसवणाऱ्या सुताराची हत्यारं अजून रंगाच्या बादलीत आणि सिमेंटच्या कट्ट्यात कोंबलेली असतात. कामाचा दर्जा जितका हातात असतो तितकाच हत्यारांच्या पेटीतही असतो. म्हणून हा लेख त्या पेटीबद्दल आहे.

महालापासून फ्लॅटपर्यंत

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या सुमारास माणिकबाग या आपल्या महालाचं काम एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्प्याकडे सोपवलं. तेव्हा महाराजांनी पंचविशीही ओलांडली नव्हती आणि मुथेसियस तिशीच्या आतला होता. १९३३पर्यंत महाल सजून तयार झाला. त्यातलं बरंचसं फर्निचर आणि फिटिंग युरोपातल्या कार्यशाळांत बनलं, जहाजानं भारतात आलं आणि इंदुरात बसवलं गेलं. आयलीन ग्रे, ले कोर्ब्युझिए, रूलमान अशा नामवंतांच्या वस्तू त्यात होत्या. १९८० साली त्यातल्या अनेक वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला. २०१९मध्ये पॅरिसच्या सजावट कला संग्रहालयानं या महालावर मोठं प्रदर्शन भरवलं. इमारतीत आज केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे.

माणिकबागेत एका राजासाठी जी पद्धत वापरली गेली, तीच आज विजयनगर, निपानिया, बायपास आणि सुपर कॉरिडॉरवरच्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रुळली आहे. वस्तू एका ठिकाणी बनते आणि घरात तिची फक्त जोडणी होते. कारखान्यात यंत्रावर प्लाय कापला जातो, कडांना एज बँड लागतो, बिजागरीची ३५ मिलिमीटरची भोकंही तिथेच पडतात. लोडिंग रिक्षातून खोकी येतात, लिफ्टमधून वर जातात आणि दोन-तीन दिवसांत स्वयंपाकघर उभं राहतं.

पूर्वी असं नव्हतं. घरात सुतारकाम काढलं की सुताराचा महिना-दीड महिना मुक्काम असे. हॉलमध्ये फळ्यांचा कामचलाऊ बाक उभा राही. रंधा, पटाशी, करवत, गुण्या, गिरमिट सगळं त्या बाकाभोवती पसरलेलं असे आणि रात्री तिथेच राही. हत्यार शोधायला वेळ गेला तरी तो महिनाभराच्या कामात जिरून जाई. आता तो मुक्काम संपला आहे. सोमवारी राऊ, बुधवारी स्कीम नंबर ७८, शुक्रवारी सुदामा नगर असा फिटरचा आठवडा असतो. हत्यारं दर दोन दिवसांनी बांधायची, उचलायची, मोटारसायकलवर लादायची आणि नव्या घरात पुन्हा मांडायची. कारखान्यानं कापणीचं काम सोपं केलं, पण हत्यारं वाहण्याचं ओझं फिटरच्या खांद्यावर आलं. या बदलाकडे धंद्यात अजून कुणी नीट पाहिलेलं नाही.

थैला उलटा केला की

नव्या इमारतीत फिटर कसा पोचतो ते पाहण्यासारखं असतं. एका खांद्यावर जुनी शाळेची बॅग आणि तिच्यात बॅटरीचं ड्रिल. एका हातात वीस लिटरची रंगाची बादली, तिच्यात हातोडी, पक्कड, पटाश्या, सिलिकॉनची बंदूक आणि तळाशी स्क्रूंचा खच. दुसऱ्या हातात सिमेंटच्या कट्ट्यात गुंडाळलेलं कटर, त्याचं पातं उघडं. पाणसळ बगलेत. मदतनीस मागून क्लॅम्प आणि वायरचं भेंडोळं घेऊन येतो. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, लिफ्टसाठी थांबायचं आणि वर पोचल्यावर सगळं फरशीवर ओतायचं. मग दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘भिया, जरा टेप देखना, किधर गई?’’

यात नुसता वेळ जातो असं नाही, कामही बिघडतं. दोन उदाहरणं देतो. बिजागरी शटरवर बसवताना साधारण १६ मिलिमीटरचा स्क्रू लागतो, कारण शटरची जाडी १८ मिलिमीटर असते. बादलीच्या तळाशी १६ आणि २५चे स्क्रू एकत्र झालेले असतात. घाईत हाताला लागला तो लावला आणि तो २५चा निघाला, तर त्याचं टोक समोरच्या सनमायक्याला फोड आणतं किंवा आरपार निघतं. ते शटर गेलं. कारखान्यातून दुसरं यायला आठवडा लागतो, आणि ‘दिवाळीच्या आत’ हा शब्द पाळता येत नाही.

दुसरं उदाहरण स्क्रूच्या डोक्याचं. परदेशी धाटणीच्या बिजागऱ्यांसोबत येणाऱ्या स्क्रूंच्या डोक्यावर मोठ्या फुलीबरोबर चार बारीक तिरक्या रेघाही असतात. त्याला पोझिड्राइव्ह म्हणतात आणि त्याचा बिट वेगळा असतो, पीझेड-२. आपल्याकडे बहुतेकांच्या ड्रिलला साधा फुलीचा पीएच-२ बिट लावलेला असतो. तोही आत जातो, पण नीट बसत नाही. जोर लावला की सरकतो आणि स्क्रूची फुली खाऊन टाकतो. पुढे कधी शटर खाली लोंबलं आणि बिजागरी फिरवायची वेळ आली, तर तो स्क्रू हलत नाही. बिट काही रुपयांचा असतो आणि थैल्यात कुठेतरी असतोही. त्याला ठरलेली जागा नसते, म्हणून तो वापरला जात नाही.

पाणसळीचंही तसंच आहे. बादलीत हातोडीशेजारी आदळत आलेली पाणसळ खोटी पडते. ती खरी आहे का हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. भिंतीवर टेकवून बुडबुडा मध्ये आणायचा, रेघ मारायची, मग पाणसळीची टोकं उलटसुलट करून त्याच रेघेवर धरायची. बुडबुडा पुन्हा मध्येच आला तर पाणसळ खरी. पण भिंतीवर कपाटांची रांग चढल्यावर चूक कळली, तर अख्खी रांग उतरवावी लागते.

पेटीसोबत फिरणारे कारागीर

कामाच्या जागी पेटी घेऊन जाणारा कारागीर काही आजचा नाही. स्वीडनच्या गोटलँड बेटावर मॅस्टरमिर इथे १९३६ साली शेत नांगरताना एक ओकची पेटी सापडली. व्हायकिंग काळातल्या त्या पेटीतून आणि तिच्या आसपासून सुतार-लोहाराची दोनशेहून अधिक हत्यारं आणि वस्तू निघाल्या. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेचा सांगाडा १९८२ साली समुद्रतळावरून वर काढला. ती नौका १५४५मध्ये बुडाली होती. तिच्यावरच्या सुताराच्या खोलीत त्याची हत्यारं पेट्यांसकट मिळाली. ज्याला कामासाठी फिरावं लागतं, त्याला पेटीचा विचार करावाच लागतो.

आपल्याकडच्या गावगाड्यातला सुतार बलुतेदार होता. नांगर, कुळव, गाडीची चाकं, दारं-खिडक्या हे त्याचं काम, आणि गाव त्याच्याकडे येई. हत्यारं घरच्या पडवीत असत. मोठ्या बांधकामावर तर कारखानाच तिथे उभा राही. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. एवढं लाकूडकाम करणारे कारागीर हत्यारांसकट तिथेच तळ ठोकून राहिले असणार. रोज उठून हत्यारं घेऊन नव्या घरी जाण्याची सवय आपल्या सुतारकीला नवी आहे, म्हणून तिची शिस्तही अजून घडायची आहे.

पश्चिमेत ती घडली ती फिरत्या फिटरच्या गरजेतून. १९९३ साली जर्मनीत एकावर एक अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या आल्या, त्यांचं नाव सिस्टेनर. प्रत्येक पेटीचा तळ दुसरीच्या झाकणात बसतो आणि सगळा मनोरा एका हातगाड्यावर चढतो. २०१७मध्ये मिलवॉकी या अमेरिकन कंपनीनं पॅकआउट नावाची तशीच मालिका काढली. आता असे डबे भारतातही मिळतात. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांतून फिरलं की लोखंडी पाचकप्पी पेटीपासून चाकाच्या पेटीपर्यंत सगळं दिसतं. पण पेटी विकत घेतली म्हणजे मांडणी झाली असं होत नाही. पाचकप्पी पेटीत पाच कप्पे गच्च भरूनही टेप सापडत नाही, हे रोजचंच आहे.

कामाच्या क्रमानं मांडणी

बहुतेकांची पहिली सहज मांडणी जातवार असते, म्हणजे सगळी ड्रिल एकीकडे, सगळ्या पटाश्या एकीकडे, सगळे स्क्रू एकीकडे. दुकानात ती ठीक आहे. साइटवर मात्र हत्यारं कामाच्या क्रमानं मांडायला हवीत. घरातल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी, हिंग, हळद शेजारी असतात, कारण फोडणीत त्या एकामागोमाग लागतात. फिटरच्या पेटीलाही तोच न्याय हवा.

स्वयंपाकघर बसवण्याचे टप्पे ठरलेले आहेत, त्यामुळे पेट्याही त्याच क्रमानं लावता येतात.

पहिली पेटी मोजणीची. टेप, पाणसळ, लेझर, गुण्या, ओळंबा, पेन्सिल, मास्किंग टेप. हिच्यात जड काहीही ठेवायचं नाही आणि आतून फोम लावायचा. साइटवर उघडायची पहिली पेटी हीच. फरशीचा सर्वांत उंच बिंदू कुठे आहे, भिंत किती बाहेर आली आहे, पाण्याचा पाइप कुठून जातो, हे सगळं ठरेपर्यंत दुसरी पेटी उघडायची गरज नसते.

दुसरी भिंतीची. हॅमर ड्रिल, काँक्रीटचे बिट, फिशर, लांब स्क्रू, हातोडी, चष्मा, मास्क, धूळ झटकायचा ब्रश. ही धुळीची पेटी आहे, हिचं सामान बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही. भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते पाहायचं, कारण त्याच्या सरळ वर भिंतीत वायर असण्याचा संभव असतो. म्हणून वायर शोधायचं छोटं यंत्रही याच पेटीत हवं.

तिसरी जोडणीची. बॅटरीचं ड्रायव्हर, क्लॅम्प, कपाटं एकमेकांना जोडायचे स्क्रू, पाय उंच-सखल करायची चावी, लाकडी पाचरी. चौथी शटरची, आणि हीच सगळ्यांत नाजूक. बिजागरीचे स्क्रू, पीझेड-२ बिट, हँडलचं जिग, ३५चा बिट, पातळ पट्ट्या. या पेटीत १६ मिलिमीटरपेक्षा लांब स्क्रू ठेवायचाच नाही, एवढा एक नियम पाळला तरी फुटलेल्या शटरांचा प्रश्न बराचसा सुटतो. पाचवी शेवटच्या हाताची. सिलिकॉन, एज बँडचे तुकडे, मेणाच्या कांड्या, बारीक कानस, धारदार पटाशी म्यानात, स्वच्छ फडकं.

टप्पा संपला की त्याची पेटी बंद करून बाजूला ठेवायची. त्यामुळे फरशी मोकळी राहते, हत्यारावर पाय पडत नाही, आणि संध्याकाळी बांधाबांधीला वेळ लागत नाही. प्रत्येक हत्याराच्या जागी फोममध्ये त्याचा आकार कापलेला असेल, तर रिकामा खड्डाच सांगतो की काय राहिलं. बऱ्याच सोसायट्यांत सामान बाहेर नेताना गेटपास लागतो. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली असेल तर पहारेकऱ्याला ती दाखवता येते आणि चोरीच्या संशयाचा अपमान टळतो. मदतनिसालाही याचा फायदा होतो. नवा मुलगा पेटी लावता लावता कामाचा क्रम शिकतो, वेगळं शिकवावं लागत नाही.

वजनाचा हिशोब

सुताराला पेटी विकतच घ्यावी लागते असं नाही, कारण तो ती बनवू शकतो. पण तिथे एक ठरलेली चूक होते. हाताशी १८ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे पडलेले असतात, त्यांचीच पेटी ठोकली जाते. ४५० मिलिमीटर लांब, ३०० रुंद आणि २०० उंच पेटी धरली, तर सहा बाजू मिळून ०.५७ चौरस मीटर प्लाय लागतो. प्लायचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं, तर १८ मिलिमीटरची रिकामी पेटीच जवळजवळ पावणेसात किलोंची होते. तीच ९ मिलिमीटर प्लायची केली तर सव्वातीन-साडेतीन किलोंत होते, आणि कोपऱ्यांना आतून पट्टी दिली की मजबुतीत काही कमी पडत नाही. दोन पेट्यांत मिळून साधारण साडेसहा किलो वाचतात. लिफ्ट सुरू न झालेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर चढताना हे साडेसहा किलो जाणवतात.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या संस्थेनं ओझं उचलण्याचं जे गणित बसवलं आहे, त्यात सगळ्या गोष्टी अनुकूल असतानाची कमाल मर्यादा २३ किलो आहे. ओझं अंगापासून लांब असेल, वळावं लागत असेल, जमिनीपासून उचलावं लागत असेल, तर ती आणखी कमी होते. हॅमर ड्रिल, कटर, क्लॅम्प, स्क्रू असं सगळं एका थैल्यात भरलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. एका अवजड थैल्याऐवजी दहा-बारा किलोंच्या दोन पेट्या दोन्ही हातांत असल्या, तर ओझं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं.

उघड्या पात्याचं कटर हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून, त्याचं संरक्षक कवच काढून काम करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कामातला धोका तर आहेच, पण कट्ट्यात हात घालतानाही बोटं कापतात. पात्याला म्यान हवं, यंत्राला त्याची पेटी हवी आणि वाहून नेताना प्लग गुंडाळलेला हवा.

बॅटऱ्यांची काळजी इंदूरच्या हवेत जास्तच घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून जास्त तापतं. लिथियम बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. ती सावलीत ठेवायची, गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, आणि सुट्या स्क्रूंसोबत कधीच ठेवायची नाही, कारण धातूनं तिची दोन टोकं जोडली गेली तर आग लागू शकते. पावसाळ्यात पटाशी आणि रंध्याच्या पात्यावर तेलाचा हात फिरवलेला हवा.

रामबागेतलं जुनं घर

नव्या टॉवरमध्ये भिंती तरी बऱ्यापैकी सरळ असतात. रामबाग, लोकमान्य नगर अशा जुन्या मराठी वस्त्यांत काम निघालं की पेट्यांची फेरमांडणी करावी लागते. जिना अरुंद असतो, वळणावर लांब पेटी अडते. भिंत वरून खाली एका रेषेत नसते, कोपरा काटकोनात नसतो, आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्यात फिशर पकड घेत नाही. इथे कपाट भिंतीला चिकटवायचं तर भिंतीच्या वळणाची रेघ पट्टीवर उतरवून ती रंध्यानं, कानशीनं घासावी लागते. म्हणजे जुन्या सुतारकीची हत्यारं परत हवीत. अशा कामासाठी रंधा, बारीक करवत, कंपास आणि कानशी यांची सहावी छोटी पेटी लागते. टॉवरच्या कामाला ती घरी ठेवायची. काय न्यायचं तितकंच काय ठेवून जायचं हेही मांडणीत मोडतं, आणि अनुभवी फिटर पहिल्या भेटीत मोजमाप घेतानाच ते ठरवून टाकतो.

पैसा कुणी घालायचा

फिटरला मजुरी अनेकदा स्क्वेअर फुटावर मिळते. म्हणजे हत्यार शोधण्यात गेलेला तास त्याच्याच खिशातून जातो आणि खराब झालेल्या शटरची भरपाईही पुष्कळदा त्याच्याच अंगावर येते. पेटीचा खर्च मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकी त्यांत आहे. प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. हा पैसा नुसत्या आणखी एका यंत्रावर न घालता त्यातला थोडा भाग पेटी, फोम, म्यान आणि चष्म्यावर गेला, तर आधीच्या यंत्रांचं आयुष्यही वाढेल. प्रशिक्षणाच्या थोड्याशा दिवसांतही एक सत्र ‘साइटवर पेटी कशी लावावी’ यासाठी राखायला हवं. मॉड्युलर किचन विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या फिटरला गणवेशाचा टी-शर्ट द्यावा, आणि त्याआधी पेट्या द्याव्यात.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी प्रत्येक हत्यार बाहेर निघतं, पुसलं जातं, हळद-कुंकू लागतं. त्याच दिवशी प्रत्येकाची धार पाहावी, पाणसळ उलटसुलट करून तपासावी, मोडलेले बिट टाकावेत, यादी नव्यानं लिहावी. वर्षातून एकदा एवढं केलं तरी पुढच्या दिवाळीची गडबड निम्म्यानं हलकी होईल.

आणि घरमालकांना एक विनंती. फिटर दारात आला की त्याला आधी चार बाय चार फुटांचा कोरडा कोपरा द्या, चालू प्लग दाखवा, पंख्याखाली पिण्याचं पाणी ठेवा आणि रात्री हत्यारं ठेवायला कुलूप लागणारी एक जागा द्या. कोटेशन घेताना दराबरोबर एवढंही विचारा की फिटर पेट्या घेऊन येणार की थैला. दोन दरांत थोडाच फरक असेल, तर पेट्या घेऊन येणाऱ्याला काम द्या. तुमची शटरं पुढची दहा वर्षं सरळ लटकतील, आणि हत्यारं नीट ठेवणाऱ्या कारागिराला त्याच्या शिस्तीचा मोबदला मिळेल.